आज बोट निघणार नाही

धक्क्यावर पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे पाहतं, मग माझ्या मागे पाहतं, मग शेडमध्ये डोकावतं आणि विचारतं, "मावशी, बोट चालवाले कोणी माणूस नाई का?" मी सांगते, "मी हावो ना भाऊ. जाकीट घाला अन् बसा." निम्मे लोक हसून बसतात. उरलेले बायकोकडे पाहतात. बायको आधीच बसलेली असते, मग तेही बसतात. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की कोणी विचारला नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

परतवाड्याहून अमरावतीकडे येताना एक फाटा फुटतो, त्या फाट्यानं आत गेलं की आमचं धरण. नाव मुद्दाम लिहीत नाही. आधीच मे महिन्यातल्या रविवारी गाड्या लावायला जागा पुरत नाही, त्यात या अंकाचे वाचक आणखी कुठं बसवू? आम्ही भोई. माझे वडील याच पाण्यात जाळं टाकायचे, डोंगी चालवायला मी त्यांच्याजवळच शिकले. पुढे गावातल्या बायकांच्या बचत गटानं नौकाविहाराचं काम घेतलं, तेव्हा गटात बोट चालवता येणारी मी एकटीच होते. बाकीच्यांनी तिकिटं फाडायची, भजी तळायची, आणि मी इंजिनाची दोरी ओढायची. लिहिताना भाषा जरा धुऊन घेतली आहे. कोण काय बोललं ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तळं म्हणजे जागच्या जागी असणारी वस्तू. आमच्या वऱ्हाडात तसं नसतं. होळी झाली की पाणी काठ सोडून मागे सरकायला लागतं, आणि आम्ही त्याच्या मागे. आमचा धक्का म्हणजे रिकाम्या ड्रमांवर ठोकलेल्या फळ्या. पाणी सरकलं की तो सोडायचा, साऱ्या बायांनी खांदा लावून खाली ओढायचा, पुन्हा खुंट्या ठोकायच्या. मे संपेपर्यंत शेड राहते पार वर आणि धक्का पार खाली, मधे नुसता भेगाळलेला गाळ. गिऱ्हाईक चपला हातात घेऊन त्यातून चालत येतं आणि मलाच विचारतं, की धक्का इतका लांब कोणी बांधला. मी म्हणते, सरकारनं. वाद संपतो.

भर उन्हात बोटीची बाकं इतकी तापतात की त्यावर भिजवलेली पोती अंथरावी लागतात. तरी लोक येतात. अकोल्यात तर उन्हाळ्यात कुलरसुद्धा गरम हवा फेकतो. माणूस बिचारा पाणी शोधत निघतो. या लोकांच्या आवडीच्या जागा तीन. पहिली जुनी सडक. धरण व्हायच्या आधीची ही सडक पाणी उतरलं की उघडी पडते. डांबर सरळ पाण्यात शिरलेलं दिसतं, दोन्ही बाजूंना वाळलेल्या चिंचांचे बुंधे. दुसरी डांगरवाडी. पाणी हटलेल्या मळीवर आमचेच लोक टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, लावतात. बोटीतून उतरायचं, वेलावरचं टरबूज तोडायचं, बुक्कीनं फोडायचं आणि तिथंच खायचं. शहरातल्या बाया म्हणतात, फ्रीजमधल्याला ही चव नाही. खरं तर ते उन्हानं कोमट झालेलं असतं, पण बोटीनं जाऊन खाल्लेलं काहीही गोड लागतं.

तिसरी जागा कवठाची टेकडी. चहूबाजूंनी पाणी, वर कवठाचं एकच मोठं झाड, झाडाखाली महादेवाची पिंड. इथं लोक रोडगे करायला जातात. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते: जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यावर तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. घरी गॅसवर करून पाहा, रोडगा रुसतो. त्यामुळे बोटीत माणसांबरोबर गोवऱ्यांची पोती, कणकेचा डबा, गंज म्हणजे मोठं पातेलं, परात आणि वांगीही बसतात. गोवऱ्यांना वजन नसतं, असं प्रत्येक कुटुंबाला वाटतं. "मावशी, ते तं शेणाचं हाय, त्याचं काय वजन?" मी म्हणते, मग गोवऱ्या तुम्ही मांडीवर घ्या आणि तुमची सासू काठावर ठेवा. यावर सुना हसतात आणि सासवा माझ्याकडे रोखून पाहतात.

तऱ्हा तरी किती सांगाव्या. वरूडचा एक संत्र्यांचा व्यापारी दर उन्हाळ्यात एकटाच यायचा. त्याला ना सडक पाहायची असायची, ना डांगर खायचं असायचं. म्हणायचा, "मले फक्त मधात नेऊन सोडा." मधे मोबाइलला रेंज नसते. तिथं गेलं की तो छत्री उघडायचा, पोत्यावर आडवा व्हायचा आणि घोरायला लागायचा. मी वल्हं आडवं टाकून बसून राहायची. उठल्यावर तो तोंड धुऊन म्हणायचा, चला, आता मार खायला घरी जातो. त्याच्याइतकं सुखी गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

लोकांना वाटतं बोट चालवणं म्हणजे इंजिन आणि सुकाणू. ते तर आठ दिवसांत कोणालाही जमतं. या धंद्यात मुख्य काम आहे नाही म्हणणं. एक लेकरू जास्त, नाही. उभं राहून फोटो, नाही. जाकिटानं साडी चुरगळते, तरी नाही. आणि सगळ्यात मोठं नाही वाऱ्याचं. आमचं पाणी पूर्व-पश्चिम लांब पसरलेलं, धक्का पूर्वेला. मे महिन्यात उन्हं कलली की पश्चिमेकडून कधीकधी वावधन उठतं. वावधन म्हणजे धूळ, वारा, विजा, गारा, सगळं एकदम. त्या वाऱ्याला धावायला सारं तळं मोकळं मिळतं. टेकडीवरून परत येताना ही लाट पाठीमागून येते, इंजिनाच्या बाजूनं आत शिरते आणि बोट बुडापासून भरते. तेव्हा वावधन उठलं की जो जिथं असेल तो तिथंच थांबेल, हा माझा नियम. लोक शिव्या देतात. द्या म्हणावं, शिव्यांनी कोणी बुडत नाही.

आणि या नाही म्हणण्यापायीच मला काम सोडता येत नव्हतं. माझे गुडघे केव्हाच बोलायला लागले होते. लेक ज्योती माझ्यासोबतच राहते. जावई नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात पाळीवर असतात. ज्योती माझ्यापेक्षा चांगली बोट चालवते. इंजिन खोलून पुन्हा बसवते, मला ते आजही येत नाही. पण पोरीच्या तोंडात नाही हा शब्दच नाही! कोणी जरा लाडीगोडी लावली की, "बरं, चला." एकदा शिक्षकांची एक टोळी आली. जुन्या सडकेजवळ गुरुजी म्हणाले, सगळे एका बाजूला उभे राहू, मागे चिंचा येतील. ज्योती म्हणाली, बरं, लवकर काढा. बोट कलली आणि अख्खी शाळा पाण्यात! गुडघाभर पाणी होतं म्हणून बरं. मुख्याध्यापक बाई गाळात बसल्या बसल्या म्हणत होत्या, आमच्या पर्सा वाचवा. मी हसले नाही. मला दिसत होतं की हेच मधल्या पाण्यात झालं असतं तर काय. रात्री ज्योतीला म्हटलं, तू नाई म्हणाले शिकशील त्या दिवशी मी घरी बसतो. ती म्हणाली, "माय, लोक इतक्या दुरून आशेनं येतात वं, तोंडावर कसं नाई म्हणू?" तिचं मन चांगलं आहे. पण धक्क्यावर त्या मनाची मला धास्ती वाटायची.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. अकोल्याहून एक कुटुंब नवसाचे रोडगे करायला आलं. आजी कौसल्याबाई, त्यांचे दोन थोरले मुलगे, दोन सुना आणि धाकट्या सुनेचं बाळ. नवस त्या बाळाचाच. बाळाचा बाप प्रशांत बँकेत कामाला. तो दुपारून मोटारीनं येणार होता. ज्योती सकाळीच सगळ्यांना मोठ्या बोटीनं टेकडीवर घेऊन गेली. मी बजावलं, उन्हं कलायच्या आत माघारी. ती म्हणाली, हो हो.

पण त्या घराण्याची एक रीत होती, ती आम्हाला आधी कोणी सांगितली नाही. नवसाचे रोडगे जिथं भाजले तिथंच संपवायचे, पाणी ओलांडून एक घाससुद्धा परत न्यायचा नाही. आणि आजीनं नवस बोलला होता सव्वा पायलीचा! एवढ्या माणसांत ते संपायचे कसे? खात बसले बिचारे. ज्योती उठा म्हणायची, आजी म्हणायच्या, एवढा घाणा होऊ दे माय. ज्योती म्हणायची, बरं. हे सगळं मला नंतर कळलं. धक्क्यावरून मला फक्त एवढं दिसत होतं की उन्हं कलली तरी टेकडीवरून धूर निघून राहिला आहे.

तेवढ्यात प्रशांत आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन गाळातून चालत. पाणी एकदम गपगार झालं होतं, पानही हलत नव्हतं. पश्चिमेला आभाळ मातीच्या रंगाचं. मी त्याला सांगितलं, आज बोट निघणार नाही. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. म्हणाला, समोर तर दिसतंय सगळं, पाच मिनिटांत पोचू. मी म्हटलं, पोचू, पण परत येता येणार नाही, आणि मी गेले की तिकडचे सगळे माझ्या बोटीत बसायला धावतील. मग वारा आलाच. आधी धूळ, मग शेडचे पत्रे वाजायला लागले, मग पाणी काळं पडून उसळायला लागलं. टेकडी दिसेनाशी झाली.

माणूस घाबरला की आधी चिडतो, हे मी या कामात शिकले. प्रशांत मला काय काय बोलला ते लिहीत नाही. बाप होता, त्याला मी काही म्हणणार नाही. त्यानं कोणाकोणाला फोन लावले; टेकडीवर रेंज नव्हती, बाकी कोणी उचलला नाही. मग त्यानं पायानं चालवायच्या बोटीची दोरी सोडायला घेतली. आता याला धरून ठेवायची ताकद माझ्यात नाही, हे मला कळत होतं. प्रत्येक बोटीच्या बुडाशी मागच्या अंगाला एक भोक असतं, बुचानं बंद केलेलं. बोट काठावर ओढली की ते काढून आतलं पाणी सोडून द्यायचं असतं. मी त्याच्या आधी वाकले आणि त्या बोटीचं बूच काढलं. मग शेजारच्या बोटीचं. मग सगळ्यांची, माझ्या इंजिनाच्या बोटीचंसुद्धा. पदरात बांधली आणि गाठ कंबरेला खोचली. बोटी जागेवर भरायला लागल्या.

तो माझ्यासमोर उभा राहिला. पावसानं चष्मा भरलेला. ओरडून म्हणाला, "तुमची पोरगी हाय ना तिकडं? तुम्हाले काळीज हाय का नाई?"

मी म्हटलं, "हाय. म्हणूनच."

मग तो खाली बसला आणि रडायला लागला. मी त्याच्याजवळ गेले नाही, कारण माझी नजर पाण्यावर होती. खरं सांगते, मला टेकडीची भीती वाटत नव्हती. टेकडीवर बसलेलं माणूस भिजतं, मरत नाही. मला भीती होती टेकडी आणि धक्का यांच्या मधल्या पाण्याची. तिकडे आजीचे दोन दांडगे मुलगे, रडणारं बाळ, हात जोडणारी आजी, आणि माझी पोरगी, जिला नाही म्हणता येत नाही. कोणीतरी म्हणणार, ज्योती, चल ना, काही होत नाही. आणि ती म्हणणार, बरं, चला. पाण्यात काही काळं दिसलं की वाटायचं, निघाली. कधी ओंडका असायचा, कधी नुसती लाट. मी महादेवाला काही मागितलं नाही. मी एकच घोकत होते: ज्योते, नाई म्हण. ज्योते, नाई म्हण.

गारा पडल्या, पाऊस पडला, आणि जसं आलं होतं तसं ते वावधन पूर्वेकडे निघून गेलं. उजेड अजून होता. पाणी हळूहळू खाली बसलं. पाण्यात बोट नव्हती, पण बुडालेली बोटही दिसत नाही, हे मला माहीत होतं. मी बूच लावलं, मी आणि प्रशांतनं बादल्यांनी पाणी उपसलं. इंजिन लागेना, दोरी ओढून ओढून खांदा गेला, मग लागलं. वाटेत तो बोटीच्या टोकाशी बसून टेकडीकडे पाहत होता आणि मी सुकाणू धरून पाण्याकडे.

मोठी बोट टेकडीच्या काठावर वर ओढून ठेवलेली दिसली, तेव्हा कुठं मी पाण्यावरची नजर काढली.

माणसं झाडाखाली नव्हतीच. पलीकडच्या उतारावर एका खोलगट जागी ताडपत्री ओढून चिकटून बसली होती, चिखलानं माखलेली. बाळ आईच्या कुशीत झोपलेलं. कवठाची एक मोठी फांदी मोडून थेट चुलीवर पडली होती. प्रशांतनं बाळाला उचलून छातीशी धरलं. आजी मात्र मला पाहून तडतडल्या. म्हणाल्या, "तुमची पोरगी लय आडमुठी हाय बाई. देवाच्या झाडाखालून उठवलं मले. माहे दोघं पोरं पाया पडले तिच्या, बोट काढ म्हणे, तं इंजिनाची तेलाची नळीच काढून पोलक्यात घातली. अशी पोरगी पायली नाई मी."

माझ्या पोरीला इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं. ज्योती बाजूला उभी होती. ओठ निळे पडलेले, केसांत कवठाची पानं. मी तिला पोटाशी धरलं. ती हळूच म्हणाली, "माय, त्याहिच्या खाण्यापायीच उशीर झाला. तवाच उठवाले पाहिजे होतं मी." मी म्हटलं, राहू दे आता.

वारा पडला होता, पाणी शांत होतं, आभाळ वर निवळलेलं. बाळ ओलं होतं, आजीला कापरं भरलं होतं. मी म्हटलं, बाळ, बाळाची आई आणि आजी, यांना मी आत्ता माझ्या बोटीनं नेते, बाकीच्यांना ज्योती आणेल. सगळे उठले. मी बोटीत चढले, दोरीला हात घातला आणि पाहते तर इंजिनाला नळीच नाही. वळून पाहिलं. माझ्या बोटीची नळी ज्योतीच्या हातात.

"नळी दे," मी म्हटलं.

"नाई. अजून नाई. पच्छिमेकडं पाय, आभाळाच्या बुडाशी अजून चमकून राहिलं. दुसरं येऊ शकते."

"ज्योते, मी सांगून राहिली ना. इतकी वर्षं मी याच पाण्यात काढली."

"तू सांगून राहिली, मले ऐकू आलं. बोट निघणार नाई, माय. उतर."

सगळ्यांसमोर! त्या अकोल्याच्या लोकांसमोर, ज्यांना मी धक्क्यावर दरडावून जाकिटं घालायला लावली होती. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी पश्चिमेकडे पाहिलं. मला काही दिसेना. खाली कुठं तरी बारीक चमकत होतं, नव्हतंही. मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ती थंडीनं कापत होती, पण नजर हलत नव्हती, आणि नळी तिनं पाठीमागे धरली होती. मी बोटीतून उतरले आणि दगडावर जाऊन बसले.

आजींनी तेवढ्यात ताडपत्रीखालचा गंज उघडला. म्हणाल्या, थांबायचंच आहे तर नवस पुरा करू. तूप गोठलेलं, रोडगे पाणी लागून मऊ पडलेले. सगळ्यांनी चिखलात बसून ते खाल्ले. प्रशांतनं एक रोडगा आणून माझ्या हातावर ठेवला आणि माझ्याच बाजूला बसला. धक्क्यावर काय झालं ते त्यानं घरच्यांना सांगितलं नाही, मीही नाही. ज्योती उभीच होती, पश्चिमेकडे तोंड करून. शेवटचा रोडगा संपला, वर पहिली चांदणी दिसली, तेव्हा ती वळली आणि म्हणाली, चला आता, जाकिटं घाला.

दुसरा वारा आला का, असं ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक माणूस मला विचारतो. नाही आला. एक पान हललं नाही. आम्ही सगळी माणसं शांत पाण्याच्या काठावर थंडीनं कुडकुडत बसून राहिलो, कारण ज्योती नाई म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेले नाही, घरी बसले.